दुधातली गोळी डॉक्टरांना सांगायची की नाही?

पत्र :

ताई, नमस्कार.
आम्ही नंदनवनात राहतो. माझे बाबा ६६ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) सवय जुनी. गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता रोज शेक (रेडिएशन) आणि आठवड्यातून एकदा केमो चालू आहे. केमोनंतर तीन-चार दिवस नुसत्या ओकाऱ्या. तोंड आतून सोललंय, रात्री झोप नाही, वजन उतरत चाललंय. भावाने कुणाकडून तरी भांगेच्या गोळ्या आणल्या आणि रात्री दुधातून एक दिली. त्या रात्री बाबा झोपले, सकाळी पेज मागून प्यायले. आम्हाला रडूच आलं. दुसऱ्या रात्री तासाभरात काही फरक दिसला नाही म्हणून भावाने अजून अर्धी दिली. मध्यरात्री बाबा देवघरासमोर भिंतीला धरून उभे, आणि म्हणतायत, "मागचे पुढे सरका, तिकीट, तिकीट." पडता पडता वाचले. आता भाऊ म्हणतो, गोळी नको, एकाकडे गांजाचं तेल मिळतं, त्याने गाठसुद्धा विरघळते. बाबा म्हणतात, "डॉक्टरले नोको सांगू, हाकलून देईन तो." घरात माझा सहा वर्षांचा मुलगा आहे. पोलिसांचीही भीती वाटते. मी काय करू?
– एक मुलगी, नागपूर

उत्तर :

प्रिय ताई,

आधी तीन गोष्टी, कारण हे उत्तर तुम्ही रात्री उशाशी बसून वाचत असाल. आजपासून गोळी बंद. तेल विकत घेऊ नका. आणि पुढच्या केमोची सुई लागायच्या आधी दोन्ही रात्रींची हकिकत डॉक्टरांना सांगा. तिसरी गोष्ट मी पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची मानते. का, ते सांगते.

तुमच्या भावावर चिडू नका. वॉर्डात नोकरी करताना मी असे बरेच भाऊ, जावई आणि मुलं पाहिली. पेशंटच्या उशाशी बाई बसते, औषधं, पेज, बादली बघते. पुरुषाला बसवत नाही, काहीतरी करावंसं वाटतं, मग तो बाहेर जाऊन काहीतरी घेऊन येतो. कुणी भस्म आणतो, कुणी गोमूत्र, कुणी कुठल्या बाबाचा अंगारा. तुमच्या भावाने जे आणलं त्यात निदान काही तथ्य आहे. म्हणूनच त्यावर नीट बोलावं लागेल, नुसतं "छी छी, नशा" म्हणून भागणार नाही.

पहिल्या रात्री बाबांना बरं वाटलं, ते खरंच वाटलं. भांगेत आणि गांजात टीएचसी नावाचं द्रव्य असतं. मेंदूत उलटीचा आदेश सुटतो त्या भागावर त्याचा परिणाम होतो, भूक चाळवते, झोप येते. हे आता नव्याने कळलेलं नाही. प्रयोगशाळेत तयार केलेलं टीएचसी, म्हणजे ड्रोनाबिनॉल, आणि त्याच्याच जातीचं नाबिलोन, या दोन्ही औषधांना केमोच्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ मध्येच मान्यता मिळाली. गंमत बघा, आपल्याकडे गांजाला कडक बंदी घालणारा एनडीपीएस कायदा झाला तो याच वर्षी. अलीकडे ऑस्ट्रेलियात एक चांगला अभ्यास झाला. नेहमीची उलटीची औषधं घेऊनही ज्यांच्या उलट्या थांबत नव्हत्या, अशा पेशंटना टीएचसी आणि सीबीडी (गांजातलंच दुसरं, नशा न आणणारं द्रव्य) सारख्या प्रमाणात असलेल्या कॅप्सूल दिल्या. नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत शंभरातल्या ८ जणांना एकही उलटी झाली नाही आणि जादा औषधही लागलं नाही. खरी कॅप्सूल घेणाऱ्यांत असे २४ निघाले. म्हणजे फायदा आहे, पण शंभरातल्या ७६ जणांचं पूर्ण भागलं नाही, आणि ज्यांचं भागलं त्यांच्यातही काहींना गुंगी, चक्कर, घाबरल्यासारखं होणं हे झालंच.

त्या अभ्यासातल्या एका कॅप्सूलमध्ये टीएचसी किती होतं? २.५ मिलीग्रॅम, मोजून. तुमच्या भावाच्या गोळीत किती होतं ते त्या विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका पानात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि वळणाऱ्याचा हात जसा पडेल तशी गोळी. एकाच पुडीतल्या दोन गोळ्या सारख्या निघतील याची खात्री नाही.

आता दुसरी रात्र. गांजा ओढला की काही मिनिटांत चढतो. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, जेवण झालेलं असेल किंवा पोट मंद चालत असेल तर त्याहून जास्त, आणि एकदा चढली की सहा-आठ तास उतरत नाही. तासाभरात काही झालं नाही म्हणून अर्धी वाढवली, आणि मग दीड गोळी एकदमच अंगावर आली. होळीच्या दिवशी ठंडाई पिऊन मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत येणाऱ्या पोरांचीही हीच कथा असते. फरक एवढाच की ती पोरं विशीतली धडधाकट असतात, सकाळी घरी जातात. सहासष्टीच्या, वजन उतरलेल्या, आठवड्याला केमो घेणाऱ्या माणसाचं रक्तदाब एकदम उतरून पाय लटपटणं आणि मांडीचं हाड मोडणं, यात एका पावलाचं अंतर असतं. भिंत हाताशी होती म्हणून वाचलं.

माझ्या मते तुमच्या बाबांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी आहेत ज्या भांग देणाऱ्याला सुचणार नाहीत. त्यांचं तोंड शेकाने आधीच कोरडं पडलंय, लाळ घट्ट झालीय. टीएचसी तोंड आणखी कोरडं करतं. म्हणजे ज्या जखमेमुळे जेवण जात नाही, तीच जास्त चिघळणार. दुसरं, गालाच्या ऑपरेशननंतर गिळणं आधीसारखं राहत नाही. गुंगीत असलेल्या माणसाला दूध पाजलं तर ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यातून होणारा न्यूमोनिया मी पाहिलाय, तो कॅन्सरपेक्षा लवकर माणूस नेतो. तिसरं आणि सगळ्यात मोठं : शेकासोबत आठवड्याला दिली जाणारी केमो बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन असते. तुमच्या फाइलवर बघा. सिस्प्लॅटिन किडनीवर बसतं, म्हणून त्याच्याबरोबर सलाइन चढवतात आणि घरी भरपूर पाणी प्यायला सांगतात. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, आणि वर भांगेच्या गुंगीत माणूस बारा तास पडून, पाण्याचा घोट नाही, हे किडनीला परवडत नाही. त्यांना ब्लडप्रेशरची, झोपेची किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर गुंता आणखी वाढतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर गांजातल्या सीबीडीने तिचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

आणि हे सगळं डॉक्टरांना माहीतच नसेल तर? बाबा बरळायला लागले की ते मेंदूचा स्कॅन काढतील, रक्तातलं सोडियम तपासतील, कदाचित केमो पुढे ढकलतील. दोन दिवस आणि दोन-चार हजार रुपये गेल्यावर कळेल की उत्तर दुधात होतं. उलटंही होऊ शकतं. सोडियम खरंच खाली गेलेलं असेल, आणि तुम्ही घरात "भांगच चढलीय, उतरेल" म्हणून वाट बघत बसाल. लपवण्याचा तोटा मला गोळीच्या तोट्याहून मोठा वाटतो तो यामुळे.

आता तेलाकडे येऊ. गाठ विरघळते, ही गोष्ट कुठून आली? प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर गांजातली द्रव्यं ओतली की काही पेशी मरतात, हे खरं आहे. उंदरांवरही काही प्रयोग झाले. पण त्या बशीत ब्लीच टाकलं तरी पेशी मरतील. माणसाच्या अंगातली गाठ गांजाच्या तेलाने बरी झाल्याचा पुरावा आजवर नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की संशोधनाच्या बाहेर गांजा कॅन्सरवरचा इलाज म्हणून देऊ नये. आणि त्याच सूचनांत असंही आहे की डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटला गांजा घेता का, हे स्वतःहून आणि नाक न मुरडता विचारावं. तुमच्या बाबांच्या भीतीला हे उत्तर पुरेसं आहे की नाही ते मला माहीत नाही, पण जगातले मोठे डॉक्टर या प्रश्नाला लाजत नाहीत एवढं तरी त्यांना सांगा.

तेलाच्या नादात शेक चुकवला तर मात्र खरं नुकसान होईल. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन सहा-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस सलग चालतं, आणि मधे खंड पडला की त्याचा गुण कमी होतो. गुंगीमुळे सकाळी उठवलं नाही, आज राहू दे, उद्या जाऊ, असं एकदा सुरू झालं की आठवडा कधी निघून जातो कळत नाही.

"विजया" नावाने मिळणारी आयुर्वेदिक तेलं असतात, ती वेगळी का? थोडी वेगळी आहेत. आयुर्वेदात भांगेचं पान औषध म्हणून चालतं, सरकारच्या यादीत ते विषारी द्रव्यांमध्ये आहे आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. परवानाधारक कंपनीची बाटली असेल तर तिच्यावर लायसन नंबर आणि बॅच नंबर छापलेला असतो. कागद न लावलेली, लेबल नसलेली बाटली भावाला कुणीतरी देतोय, ती यात बसत नाही. त्यातही सीबीडीच्या तेलाविषयी उगाच आशा धरू नका. ऑस्ट्रेलियातच बऱ्याच पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटवर २०२३ मध्ये तपासून पाहिलं, तर नुसत्या सीबीडीने त्रासाच्या एकूण हिशेबात नेहमीच्या उपचारांवर काही भर पडली नाही. मॉलमध्ये "हेम्प सीड ऑइल" म्हणून मिळतं ते तर भांगेच्या बियांचं खाद्यतेल. २०२१ पासून त्याला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी आहे. कोशिंबिरीवर घाला हवं तर, उलटी थांबणार नाही.

पोलिसांचं विचारलंत. केंद्राच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे त्यातला राळेसारखा चीक. नुसती पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून लोक म्हणतात "भांगेला काही होत नाही". पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्याखाली भांग बनवणं, बाळगणं, घेणं, हे सगळं परवान्याशिवाय गुन्हा ठरतं. तेलात फुलोऱ्याचा अर्क असेल तर थेट केंद्राचा कायदा लागतो. एक किलोपर्यंतचा गांजा "अल्प प्रमाण" धरला जातो, तरी त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅन्सरचा पेशंट आहे म्हणून गांजा बाळगायची सूट आपल्या कायद्यात नाही. माझ्या घरी पोलिस येतील का, या भीतीने झोप उडू देऊ नका. ओपीडीत डॉक्टरांना खरं सांगणाऱ्या घरावर छापा पडल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण भाऊ स्टेशनवर कुणाकडून बाटली घ्यायला जाणार असेल तर त्याला थांबवा. नागपूर स्टेशनवर गांजा पकडल्याच्या बातम्या पेपरात येतात, तिथे "बापासाठी नेतोय" हे कुणी ऐकून घेत नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तुमच्या पत्रात भांगेवर दहा ओळी आहेत, आणि उलटीसाठी, दुखण्यासाठी, तोंडासाठी बाबांना आत्ता काय दिलं जातंय यावर एकही नाही. माझा अंदाज आहे की घरी ऑन्डन्सेट्रॉनची गोळी आहे आणि ती "उलटी झाली तर द्या" अशी दिली जातेय. उलटी झाल्यावर दिलेली गोळी उलटीतच जाते. केमोनंतरची मळमळ दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत चालते, तिच्यासाठी औषध घड्याळाप्रमाणे, आधीपासून द्यायचं असतं. आणि ऑन्डन्सेट्रॉन एकटं पुरत नाही. सोबत डेक्सामेथासोन, अॅप्रेपिटंट आणि ओलान्झापिन, अशी चार औषधांची जोडणी करता येते.

ओलान्झापिनवर जरा थांबते. ही गोळी मुळात मानसिक आजारांची, त्यामुळे मेडिकलवाला विचित्र नजरेने बघेल, शेजारीण म्हणेल "बाबांना वेड लागलं का". घाबरू नका. केमोच्या मळमळीवर ती फार चांगली चालते, झोप आणते, भूकही आणते. भावाला भांगेकडून हव्या होत्या त्या तिन्ही गोष्टी यात आल्या, आणि मोजून. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२४ मध्ये दाखवलं की १० मिलीग्रॅमऐवजी २.५ मिलीग्रॅम दिली तरी उलट्यांवर तेवढाच गुण येतो आणि दिवसा गुंगी कमी राहते. पुदुच्चेरीच्या जिपमरने २०२३ मध्ये पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना रोज २.५ मिलीग्रॅम दिली, तर १२ आठवड्यांत शंभरातल्या ६० जणांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. नकली गोळीवाल्यांत असे फक्त ९ होते. तोंडाचे कॅन्सर त्यात नव्हते, हेही सांगते. याउलट भुकेसाठी टीएचसी आणि जुनं मेजेस्ट्रॉल यांची २००२ मध्ये अमेरिकेत तुलना झाली, तेव्हा टीएचसी मागे पडलं. ओलान्झापिन स्वस्त आहे, कायदेशीर आहे. ती बाबांना चालेल का, शुगर आहे का, इतर औषधांशी जमेल का, हे डॉक्टर ठरवतील. आणि एक : ती सुरू झाली तर भांग चुकूनही नको. दोन्ही गुंगीच्या.

उलटीची इतर कारणंही बघायला हवीत. पोट साफ होऊन किती दिवस झाले? ऑन्डन्सेट्रॉनने आणि दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि आतडं तुंबलं की मळमळ थांबत नाही, मग तुम्ही काहीही द्या. घट्ट लाळ घशात साचून ओकारी येत असेल तर त्याचा इलाज तोंड धुण्यात आहे. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. बाजारातला झणझणीत माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं.

झोप का येत नाही? दुखतं म्हणून. तोंड सोललेल्या माणसाला रात्री थुंकी गिळतानासुद्धा काच गिळल्यासारखं होतं. त्यावर मॉर्फिन आहे. नाव ऐकून दचकू नका. ज्या कायद्याने गांजा गुन्हा ठरवला, त्याच कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून मान्यताप्राप्त दवाखान्यांना पेशंटसाठी मॉर्फिन ठेवणं सोपं केलं. तोंडाने घ्यायची गोळी असते, महाग नसते. दुखण्याच्या मापाने, डॉक्टरांच्या हाताखाली घेतलं तर व्यसनाची भीती धरण्याचं कारण नसतं, आणि शेक संपून तोंड भरून आलं की हळूहळू कमी करून बंद करतात. तिच्यासोबत पोट साफ राहण्याचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून हवं. ते कुणी लिहून दिलं नाही तर तुम्ही मागा.

तुम्ही हॉस्पिटलचं नाव लिहिलं नाही, ते बरंच केलं. पण मेडिकल असो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं एनसीआय, तिथे "पेन क्लिनिक" किंवा "पॅलिएटिव्ह केअर" कुठे बसतं, कोणत्या वारी, हे काउंटरवर विचारा. लोकांना वाटतं पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तसं नसतं. बरे होणारे पेशंटही तिथे जातात, कारण दुखणं आणि ओकारी यांचा हिशेब ठेवणं हेच त्या लोकांचं काम. केमोच्या ओपीडीत डॉक्टरांपुढे रांग असते, तुम्हाला तीन मिनिटं मिळतात, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत पुढचा नंबर पुकारतात. म्हणून बोलण्याऐवजी चिठ्ठी न्या. फाइलच्या वर पिन लावून, मोठ्या अक्षरात. मी असं लिहीन :

"बाबांना मागच्या केमोनंतर चार दिवस उलट्या. ऑन्डन्सेट्रॉन दिली, पुरली नाही. दुखणं १० पैकी ८. झोप दोन तास. पोट तीन दिवस साफ नाही. लघवी कमी. या तारखेला रात्री भांगेची एक गोळी, दुसऱ्या दिवशी दीड, नंतर बरळले, तोल गेला. आता बंद आहे. उलटी आणि दुखण्यावर आणखी काय देता येईल? पॅलिएटिव्हवाल्यांना दाखवू का?"

आकडे तुमच्या घरचे टाका. भांगेची ओळ शेवटी नको, मधेच असू द्या, म्हणजे डॉक्टर ती बाकीच्या लक्षणांबरोबर वाचतील. ओरडले तर ओरडू द्या. चांगला डॉक्टर ओरडून झाल्यावर औषध बदलतो. नुसताच ओरडणारा भेटला तर दुसऱ्या दिवशी पेन क्लिनिकला जा, तीच चिठ्ठी घेऊन.

आणि समजा, चारही औषधं नीट देऊनही ओकारी थांबली नाही? तेव्हा विजयाचा विषय काढायला हरकत नाही, पण कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर, त्यांना माहीत असताना, लायसनच्या बाटलीतून, वैद्याच्या चिठ्ठीवर, सगळ्यात कमी मात्रेने आणि रात्री घरात कुणीतरी जागं असताना. ओढणं मात्र कधीच नाही. सोललेल्या तोंडात धूर, आणि रस्त्यावरच्या गांजात बुरशी असते, ती केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसते. पुढे कधी बाबांना इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारा उपचार) सुरू झाली तर ही चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. इस्राएलमधल्या पेशंटच्या नोंदींवरून अशी शंका आहे की गांजा घेणाऱ्यांना त्या उपचाराचा गुण कमी येतो. ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण शंका असताना कोण देईल?

बाबांना कसं सांगायचं? मी त्यांची समजूत काढत बसणार नाही. कंडक्टर माणूस आहे, हिशेबाचा पक्का. त्यांना सांगा की डॉक्टरांना चिठ्ठी जातेय, आणि चिठ्ठी त्यांना वाचून दाखवा. ते म्हणतील भांगेची ओळ खोड. तुम्ही म्हणा, नाही खोडणार. घरात सगळ्यांनी त्यांच्या मनासारखं वागायचं ठरवलंय, म्हणून कुणी त्यांच्यावर रागावत नाही. एखाद वेळ रागावलात तर त्यांनाही बरं वाटेल. भावाला ओपीडीत सोबत न्या. उलट्या किती, पाणी किती, लघवी किती, याची वही त्याच्याकडे द्या. त्याला हाताला काम हवंय, ते हेच.

जाता जाता खाण्याचं. नागपुरात आजाऱ्याला भेटायला येणारा संत्र्यांची पिशवी घेऊन येतो. ती मुलाला द्या. आंबट रस सोललेल्या तोंडाला आगीसारखा लागतो. सावजी मसाला तर घरात परतूसुद्धा नका, वासानेच ओकारी येते. पेज, मऊ खिचडी, मूगडाळीचं पाणी, मऊ अंडं, गार दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी. नळी टाकायची वेळ आली तर ती हार समजू नका, नळी असलेले पेशंट शेक न चुकवता पुरा करतात. आणि बाबा चोरून खर्रा तोंडात टाकतायत का, ते बघा. रागावून नाही, उशीखाली पन्नी सापडते का ते बघा.

उरलेल्या गोळ्या आजच फेकून द्या. डबीत, फ्रिजवर, देवघराच्या कपाटात, कुठेही ठेवू नका. सहा वर्षांचं पोर चॉकलेट समजून तोंडात टाकतं, आणि त्या वयात ती गोळी श्वास मंद करण्याइतकी लागते.

केमोच्या तारखेची वाट बघायची नाही अशा वेळी : ताप १००.४ च्या वर गेला, दिवसभरात पाणी पोटात टिकलंच नाही, लघवी जवळपास बंद झाली, गोळी न देताही बरळायला लागले, किंवा उठवून उठत नाहीत. रात्रीचे दोन असोत, कॅज्युअल्टीला न्या. फाइल आणि चिठ्ठी सोबत घ्या. ड्युटीवरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की केमो कधी झाली, आणि दुसरं हे की भांग कधी घेतली.

– तुमची ताई